न नोंदवलेली तक्रार

कुंभकोणमला आमच्या भागापुरतं विजेचं एक लहानसं कार्यालय होतं. तिथे मी तक्रारींच्या टेबलावर बसत असे. ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांत ही नोकरी लागली आणि पुढे वीस-बावीस वर्षं मी तीच केली. टेबलावर एक काळा फोन, एक जाड तक्रारवही आणि दोरीला बांधलेलं पेन. कुणाकडे दिवे गेले, कुठे फ्यूज उडाला, कुठे तारेवर झावळी पडली, की लोक फोन करत किंवा स्वतः येत. मी वहीत वेळ, नाव, रस्ता आणि खांबाचा नंबर लिहायची. ते वाचून फोरमन आपल्या वायरमनांना कामं वाटून देत. विजेतलं मला फारसं काही कळत नव्हतं. पण जे वहीत नाही ते झालंच नाही, अशी आमच्याकडची रीत होती, आणि ती वही माझ्या हातात आहे याची मला घमेंड होती. घमेंडच म्हणायला हवं.

आमचं घर मराठी. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. पण ती मराठी अशी, की पुण्याचा माणूस ऐकून आधी गोंधळतो आणि मग हसू दाबतो. आज मी जी लिहिते आहे ती भाषा मी पुष्कळ नंतर, पुण्यात बहिणीकडे राहून आणि मासिकं वाचून शिकले.

घरात आम्ही तिघं. वडील शाळेतून निवृत्त झालेले, मी, आणि माझ्याहून नऊ वर्षांनी लहान बहीण. आई आधीच गेली होती. माझं लग्न जुळलं नव्हतं आणि तो विषय आता घरात निघत नसे. वडिलांचा सगळा जीव धाकटीच्या लग्नावर. मद्रासला नोकरीला असलेल्या पुण्याच्या एका मुलाला ती पसंत होती. त्याचे आईवडील पुण्याहून मद्रासला येऊन, तिथून गाडीनं शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे मुलगी पाहायला यायचे होते. तिरुभुवनमच्या विणकरांच्या सोसायटीतून तिच्यासाठी मोरपंखी रंगाची रेशमी साडी आणली होती. वडिलांनी पुढच्या खोलीला चुना मारून घेतला होता.

त्याच आठवड्यात, सोमवारी, वादळ आलं.

नव्वदीच्या सुरुवातीचं ते वर्ष. कार्तिकात आमच्याकडे समुद्रावरून वादळं येतात, त्याचं कुणाला नवल नाही. पण हे वादळ थेट आमच्या अंगावरून गेलं. मंगळवारी सकाळी मी कार्यालयाकडे निघाले तर रस्ता ओळखू येईना. नारळ आडवे, पत्रे रस्त्यावर, विड्याच्या पानांचे मळे लोळवलेले, आणि विजेचे खांब गुडघे मोडल्यासारखे वाकलेले. पितळेची भांडी करणाऱ्यांच्या गल्लीत एरवी ठोकाठोकीनं कान किटायचे, तिथे चिटपाखरू नव्हतं. गावात कुठेही दिवा नव्हता. आजूबाजूच्या गावांतही नव्हता.

त्या आठवड्यात माझ्या टेबलापुढे जी गर्दी झाली ती मी आयुष्यात पाहिली नव्हती. फोन बरेचसे बंद होते, म्हणून लोक पायी येत. भातगिरणीवाले, दवाखान्यातले, चित्रपटगृहाचा मॅनेजर, आणि पुष्कळशी साधी माणसं, ज्यांना एकच विचारायचं असे, "करंट कधी येणार?" पहिल्या दिवशी मी सगळ्यांना नीट उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी "येईल" म्हणाले. तिसऱ्या दिवशी वर न बघता हातानंच थांबा म्हणायला लागले.

आमचे फोरमन पन्नाशी उलटलेले, काळेसावळे, बारीक अंगाचे गृहस्थ. खाकी शर्ट, खिशात टेस्टर, आणि पायांत टायरच्या चपला. सोमवारपासून ते घरी गेले नव्हते. दुपारी कधीतरी ओलेच यायचे, उभ्यानं चहा घ्यायचे, माझ्या वहीवरून बोट फिरवत नंबर वाचायचे आणि परत जायचे. आवाज कधी चढवला नाही. मला ते अम्मा म्हणत, मी त्यांना फोरमन सार म्हणत असे.

घरी वेगळीच पंचाईत होती. पाच वर्षांपूर्वी आम्ही विहिरीवर मोटार बसवली, तेव्हा रहाट काढून टाकला होता. आता विहिरीत पाणी, पण वर काढायला साधन नाही. नळही कोरडे, कारण नगरपालिकेचे पंपही विजेवरच चालायचे. बहीण शेजारून दोन घागरी आणायची. वडिलांना वाटत होतं, वादळामुळे पाहुणे बेत पुढे ढकलतील. पण गुरुवारी पोस्ट सुरू झालं आणि पहिल्या टपालातच तार आली: ठरल्याप्रमाणे येत आहोत.

वडील ती तार हातात घेऊन ओसरीवर बसून राहिले. मी घरात शिरताच ते म्हणाले,

"आतां कसें करावें? ते पुण्याचे लोक. आमची बोली ऐकूनच हसतील. त्यांत घरांत पाणी नाहीं, दिवा नाहीं. काळोखांत पोर दाखवूं काय?"

"अण्णा, सगळ्या गावांतच नाहीं. त्यांना कळेल."

"त्यांना कळेल, पण मनांत राहील. तूं तेथेंच बसतेस. त्या फोरमनला एक शब्द सांगूं नये काय?"

मी गुरुवारी दुपारीच फोरमनना सांगून आले होते. हे मी वडिलांना सांगितलं नाही. आपण होऊन सांगितलं याची लाज वाटली. फोरमननी शांतपणे ऐकून घेतलं होतं. आमचा रस्ता ज्या लाइनवर होता ती लाइन गावाच्या दक्षिण टोकापासून अरसलार नदी ओलांडून पुढच्या चार-पाच वाड्यांपर्यंत जायची. नदीकाठचे तीन खांब पडले होते. "ते उभे होतायत, अम्मा," ते म्हणाले. "उद्या चारपर्यंत सप्लाय देतो. मधे दुसरं काही निघालं नाही तर."

मधे दुसरं काही निघालं नाही तर. रात्रभर माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती बाई आली. तिशीची असेल. साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, डोक्यावर गोणपाट. ओळीत उभी राहिली आणि तिची पाळी आली तेव्हा टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून म्हणाली,

"अम्मा, आमच्या गल्लीत तार पडलीय. माझ्या घराच्या पुढेच. वाटेवर, पाण्यात."

"कुठलं गाव?"

तिनं वाडीचं नाव सांगितलं. अरसलारच्या पलीकडची. आमच्याच लाइनवरची.

मी पेन उचललं आणि विचारलं, "खांबाचा नंबर?"

"नंबर कुठला, अम्मा? खांब माहीत आहे. मारुतीच्या देवळाजवळचा."

"खांबावर रंगानं लिहिलेला असतो."

"असेल. मला वाचता येत नाही."

मागे पंधरा-वीस माणसं उभी होती. कुणीतरी ओरडलं, लवकर आटपा म्हणून. मी तिला सांगितलं, नंबर नसेल तर नोंद होत नाही, कुणाकडून तरी लिहून आण. हे खरं नव्हतं. देवळाजवळचा खांब एवढंही वहीत लिहिता आलं असतं. पूर्वी मी कितीतरी वेळा लिहिलं होतं. पण ती बोलत होती तेव्हा माझ्या मनात एकच आलं, की हे लिहिलं तर फोरमन आज आधी तिकडे जातील आणि आमची लाइन उद्यावर जाईल.

"तीन कोस चालत आलेय, अम्मा," ती म्हणाली. "तेवढं सांगून ठेवा त्यांना. लेकरं असतात वाटेवर."

"आता तारेत करंट नाही. घाबरू नको."

"आता नाही. पण येईल तेव्हा?"

मी टेबलावरच्या एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या तुकड्यावर वाडीचं नाव लिहिलं, तिला दिसेल असं. तिला वाटलं झालं काम. तिनं हात जोडले आणि गेली. तो तुकडा मी वहीखाली सरकवला.

पावणेचारला फोन वाजला. नदीकाठचे खांब उभे झाले होते आणि फोरमन सबस्टेशनवरून बोलत होते. मागे कसलं तरी यंत्र घरघरत होतं, म्हणून ते जोरात बोलत होते.

"अम्मा, दक्षिणेची लाइन चार्ज करतोय, करंट सोडतोय. मोठ्या तारा आम्ही चालत जाऊन बघितल्या, सगळं ठीक. त्या बाजूच्या वाड्यांत कुठे खाली तार पडल्याची तक्रार आहे का?"

मी वहीचं पान उघडलं. बोट वरून खाली नेलं. त्या वाडीचं नाव कुठे नव्हतं. नसणारच.

"नाही सार. वहीत काही नाही."

"नक्की?"

"वहीत नाही, सार."

मी दोनदा "वहीत" म्हणाले. ते मला आजही ऐकू येतं. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून मी तो शब्द घातला होता. चिठ्ठी माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होती.

"मग देतो," ते म्हणाले.

साहेबांची परवानगी घेऊन मी सव्वाचारला निघाले. घराशी पोचते तोच आतून बहिणीची किंकाळी ऐकू आली, आनंदाची. पंखा फिरत होता. मोटार चालू करून वडील स्वतः टाकीपाशी उभे होते आणि पाणी पडल्याचा आवाज ऐकत होते. मला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले, जणू मी एखादा किल्ला जिंकून आणला होता.

पाहुणे पाचला आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक काका. ती माणसं चांगली निघाली. आमची बोली ऐकून मुलाची आई हसली, पण तिरकी नाही, म्हणाली, "अहो, जुनी बखर कानानं ऐकल्यासारखं वाटतंय." वडील खुलले. बहीण मोरपंखी साडीत दिव्याखाली बसली होती आणि खरंच सुंदर दिसत होती. आमच्याकडची दाट डिग्री कॉफी झाली, होकार तिथल्या तिथे झाला. वडील सगळ्यांना सांगत होते, "हे दिवे माझ्या थोरलीनें आणिले. तिच्या हातांत सगळी वीज आहे." सगळे हसले. मीही हसले. ती बाई आणि तिची तार मला त्या संध्याकाळी एकदाही आठवली नाही. एकदाही. मला जास्त लाज कशाची वाटते म्हणाल, तर याची.

शनिवारी सकाळी कार्यालयाच्या दारातच वायरमन लोक घोळका करून उभे होते. नदीपलीकडच्या वाडीत एक गाय मेली होती. संध्याकाळी चरून परत येत होती, नेहमीच्या वाटेनं, आणि वाटेवरच्या पाण्यात तार होती. गायीच्या मागे दहा पावलांवर घरातली लहान मुलगी होती. गाय पडली तशी ती जागीच थांबली, म्हणून वाचली. गाय दुभती होती. घरात दुसरं काही नव्हतं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि ती बाई दूध घालून संसार चालवत होती.

मी जाऊन टेबलापाशी बसले. वही उचलली. चिठ्ठी खालीच होती. मी ती चुरगाळली नाही, फाडली नाही. पदरात बांधली आणि घरी नेऊन चुलीत टाकली.

थोड्या वेळानं एका वायरमननं जे सांगितलं त्यानं मी आणखीच खचले. तो दुसऱ्याशी बोलत होता. "नुसतं कळलं असतं ना," तो म्हणाला, "तर त्या देवळाजवळच्या ट्रान्सफॉर्मरचे तीन फ्यूज काढून ठेवले असते. दहा मिनिटांचं काम. बाकीची लाइन चालूच राहिली असती." म्हणजे मी त्या बाईचं म्हणणं लिहिलं असतं तरी आमचे दिवे चारलाच लागले असते. मी ज्या भीतीनं गप्प बसले ती भीतीही खोटी होती.

दहा-बारा दिवसांनी तंजावरहून चौकशीला एक अधिकारी आले. आमच्याच खोलीत टेबल मांडलं. फोरमन उभे होते, मी उभी होते, आणि त्या बाईला बोलावून आणलं होतं. ती त्या दिवशी धुतलेली साडी नेसून आली होती.

अधिकाऱ्यांनी तिला विचारलं, "तू तार पडल्याचं कुणाला सांगितलं होतंस?"

तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्या अम्मांना. त्यांनी कागदावर लिहून घेतलं."

अधिकाऱ्यांनी वही उलटसुलट पाहिली. मग मला विचारलं. "ही आली होती का?"

फोरमन माझ्याकडे पाहत होते. ती बाई माझ्याकडे पाहत होती. पुढच्या महिन्यात बहिणीचं लग्न होतं. माझी नोकरी गेली तर घर कशावर चालणार, वगैरे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी असं काही मनात नव्हतं. नुसती घाबरले होते.

"आठवत नाही, सार," मी म्हणाले. "रोज शेकडो माणसं येत होती."

अधिकारी मान हलवत काहीतरी लिहीत राहिले. बाई म्हणाली, "अम्मा, मी टेबल धरून उभी होते." कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. फोरमनना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की मी फोनवर विचारलं होतं आणि वहीत तक्रार नाही असं मला कळवण्यात आलं. त्यावर अधिकारी म्हणाले, वहीत नव्हती हे बरोबरच आहे. पण लाइन चार्ज करायच्या आधी वाड्यांतून फिरून बघायची जबाबदारी तुमची. चार दिवस न झोपलेला माणूस मूठभर वायरमन घेऊन पाच वाड्या कशा फिरणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

फोरमनची बढती अडली आणि त्यांची बदली किनाऱ्याकडच्या एका लांबच्या ठिकाणी झाली. निवृत्तीला चारेक वर्षं राहिली होती. जायच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेत ते माझ्या टेबलापाशी आले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "वही नीट ठेवता तुम्ही, अम्मा." टोमणा होता की नाही, मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर मी प्रत्येक तक्रार लिहायला लागले. नंबर असो नसो, माणूस प्यालेला असो, एकच गोष्ट तीन जणांनी सांगितली असो, मी तीनदा लिहायची. सहकारी चेष्टा करत. त्या लिहिण्यानं कुणाचं बरं झालं असेल तर असो. पण त्या बाईचं काय झालं, तिला काही मदत मिळाली का, हे मी कुणालाच विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारते, असा प्रश्न आला असता.

बहिणीचं लग्न झालं, पुढे ती नवऱ्याबरोबर पुण्याला गेली, सुखी झाली. त्या संध्याकाळची गोष्ट तिच्या सासरी फार आवडीची. कुणी नवीन पाहुणा आला की मेहुणे सांगणार: आम्ही दारात आणि दिवे घरात, एकदमच, मेव्हणीबाईंनी खास वीज पाठवली. एका दिवाळीला मी तिकडे असताना त्यांनी ती आपल्या चार वर्षांच्या मुलीला सांगितली. मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, तू कसं गं केलंस?" मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले. तेवढ्याच वयाची ती दुसरी मुलगी असेल, गायीच्या मागे दहा पावलांवर.

परत आल्यावर मी त्या वाडीला गेले. तोवर पाच वर्षं होऊन गेली होती. मारुतीच्या देवळापाशी बसमधून उतरले. घर शोधावं लागलं नाही. ती दारातच भात पाखडत बसली होती, आणि मला बघून सूप खाली ठेवलं.

"तारेच्या अम्मा," ती म्हणाली.

मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाजूला राहिली. उभ्यानंच म्हणाले, "तू आली होतीस. मला आठवत होतं. तेव्हाही आठवत होतं."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं?"

"तुमच्या तोंडावर दिसत होतं. घरी येऊन मी सासूला सांगितलं, त्या अम्मांना सगळं आठवतंय म्हणून."

"मग तू तिथे काही बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "बोलले की. तुमच्याकडे बोट दाखवलं. कोण ऐकतंय?"

मला बसायला तिनं सांगितलं नाही, जा असंही म्हटलं नाही. आतून मुलगी बाहेर आली, दोन वेण्या, शाळेचा निळा परकर; मला बघून परत आत गेली. गाय नव्हती. गोठ्याच्या जागी सरपण रचलेलं होतं. ती आता लोकांच्या शेतात मजुरीला जात होती. माझ्या पिशवीत मुलीसाठी आणलेलं कापड होतं. ते बाहेर काढायचा धीर झाला नाही, आणि ते बरंच झालं.

शेवटी तीच म्हणाली, "मला खोटी ठरवली त्यांनी. सगळ्या वाडीत झालं, की मी सांगायला गेलेच नव्हते, गाय गेल्यावर पैशासाठी बनवून सांगतेय. तुम्हाला काही करायचं असेल तर ते नीट करा."

मी तिथल्या पंचायतीच्या माणसाला तिच्यासमोर सांगितलं. देवळाच्या पारावर चार-पाच जण बसले होते, त्यांच्यासमोर. ही खरं बोलत होती, मी खोटं बोलले. आयुष्यात तमिळमध्ये एवढं अवघड वाक्य मी बोलले नाही. एक म्हातारा म्हणाला, "पाच वर्षांनी आठवलं होय?" ती बाई पाराच्या कडेला उभी राहून ऐकत होती, आणि ऐकून झाल्यावर घरी गेली.

मग मी कार्यालयात लेखी जबाब दिला. तोवर साहेब बदलले होते. त्यांनी तो वाचला, परत वाचला, आणि म्हणाले, "अम्मा, फाइल बंद झालीय. फोरमन निवृत्त झाले. आता हे वर पाठवलं तर फक्त तुम्हाला त्रास." मी पाठवा म्हणाले. त्यांनी पाठवला. सात-आठ महिन्यांनी मला एक ताकीद आली आणि एक वेतनवाढ थांबली. बस, तेवढंच. फोरमनच्या बढतीचं काही झालं नाही, होणारही नव्हतं.

त्या ताकिदीची नक्कल घेऊन मी फोरमनकडे गेले. ते निवृत्त होऊन परत गावात, तिरुवलंचुळीच्या बाजूला, मुलाकडे राहायला आले होते. खुर्चीवर बसून रेडिओ ऐकत होते. खूप वाळले होते. मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"तुम्ही विचारलंत तेव्हा चिठ्ठी माझ्या वहीखाली होती, सार," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले.

त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. तिनं पावसापाण्याचं विचारलं. ती आत गेल्यावर ते म्हणाले,

"तिकडे होतो तेव्हा माझ्या धाकट्या मुलीचं बाळंतपण झालं. अवघडलं. मला निरोप पोचला तो दुसऱ्या दिवशी. मी आलो तोवर मूल गेलं होतं. इथे असतो तरी काही करू शकलो असतो असं नाही. पण इथे असतो."

माफ करा हा शब्द माझ्याजवळ होता. तो त्यांच्यापुढे ठेवायची हिंमत झाली नाही. त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला. रागानं नव्हे; बातम्या लागल्या होत्या आणि त्यांना कमी ऐकू यायचं. मी ग्लास जमिनीवर ठेवला, नमस्कार केला आणि निघाले. फाटकापर्यंत पोचवायला कुणी आलं नाही.

हे मी ज्या एक-दोघांना सांगितलं त्यांना वाटतं, सांगून टाकल्यावर मला हलकं वाटलं असेल. तसं काही झालं नाही. वडिलांना मी अखेरपर्यंत काही सांगितलं नाही. त्या दिव्यांचं कौतुक मनात घेऊनच ते गेले. बहिणीला मात्र आता सांगायचं ठरवलं आहे, म्हणून आधी लिहून काढते आहे. बोलायला बसले की माझ्या तोंडून सोयीचे शब्द निघतात, हे मला ठाऊक झालं आहे.